मानवी आतडे : लांबी आणि कार्य

जठर संपते तिथून गुदद्वारापर्यंत गेलेली स्नायुमय नळी म्हणजे आतडे. लहान आतडे लांब पण अरुंद असते, व्यास अडीच-तीन सेंमी.; मोठे आतडे जेमतेम दीड मीटरचे, पण रुंद. लहान आतड्याची ६ ते ७ मीटर ही लांबी अनेकांनी शाळेत पाठ केलेली असते. हा आकडा मुख्यतः शवविच्छेदनातला. मृत्यूनंतर स्नायू सैलावतात आणि नळी लांबते. जिवंतपणी स्नायू आवळलेले असल्याने ती बहुधा ३ ते ५ मीटरच भरते, शिवाय माणसागणिक बरीच बदलते. त्यामुळे एकच एक ठाम आकडा सांगणाऱ्यावर फार विसंबू नये.

खरे महत्त्व आतल्या पृष्ठभागाचे. अस्तराला आडव्या घड्या, घड्यांवर अर्धा ते एक मिमी. उंचीचे रसांकुर आणि त्यांच्या पेशींवर आणखी सूक्ष्म अंकुर असतात. हे सगळे पसरले तर टेनिसचे मैदान व्यापेल, असे वर्षानुवर्षे छापले गेले. २०१४ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी नव्याने मोजमाप केले, तेव्हा संपूर्ण पचनमार्गाचे क्षेत्रफळ ३० चौ. मी.च्या आसपास निघाले. हे अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवे होते.

हिवाळ्यात जळगावकडे शेतात भरीत पार्ट्या रंगतात. तिथल्या ताटातले भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी या नळीतून कशी जाते, ते पाहण्यासारखे आहे. जठरातून लगदा थोडा थोडा करून आद्यांत्रात उतरतो. हा पहिला भाग फक्त २५ सेंमी.चा, पण पित्त आणि स्वादुपिंडाचा रस इथेच मिसळतो. भरितावरच्या तेलाचे बारीक थेंब पित्त करते. ज्वारीचा स्टार्च आणि उडदाची प्रथिने स्वादुपिंडाचे विकर (एन्झाइम) फोडतात. लोहही मुख्यतः इथेच शोषले जाते. धान्य-कडधान्यांतले फायटेट त्याला अडवते आणि लिंबातले क जीवनसत्त्व मदत करते, म्हणून ताटातली लिंबाची फोड नुसत्या चवीपुरती नसते. पुढे मध्यांत्रात साखर, अमिनो आम्ले व स्निग्धांश रक्तात आणि लसिकेत (लिम्फमध्ये) जातात. शेवटच्या शेषांत्राच्या टोकाशी ब-१२ आणि पित्तक्षार परत घेतले जातात. आद्यांत्र मिनिटाला साधारण बारा वेळा आकुंचन पावते, पण त्यातली बरीचशी हालचाल नुसती घुसळण असते. लगदा पुढे सरकतो तो सावकाश. हा टप्पा तीन ते पाच तासांत संपतो.

वांग्याची साल, बिया आणि कोंडा न पचता मोठ्या आतड्यात पोहोचतात. उडदातल्या व कांद्याच्या पातीतल्या काही शर्करा फोडणारे विकरच माणसाकडे नाहीत. ते काम मोठ्या आतड्यातले जिवाणू करतात आणि त्यात वायू तयार होतो. भरिताच्या दुसऱ्या दिवशी पोट गुडगुडते ते यामुळे. बिचारे वांगे उगाच बदनाम होते. जिवाणूंच्या याच किण्वनातून (आंबवण्यातून) तयार होणारी ब्युटिरिक आम्लासारखी मेदाम्ले मोठ्या आतड्याच्या अस्तराला ऊर्जा पुरवतात. इथे मुक्कामही लांबतो, बारा तासांपासून दोन दिवसांपर्यंत, कधी त्याहून जास्त.

पाण्याचा हिशेब तर चकित करणारा आहे. खाणेपिणे आणि पाचक रस मिळून दिवसाला ८ ते ९ लिटर द्रव लहान आतड्यात येतो. त्यातला दीडएक लिटर मोठ्या आतड्याकडे जातो आणि शौचावाटे १०० ते २०० मिली.च बाहेर पडते. हगवणीत हे गणित कोलमडते. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या घरात असतो. घामाने आधीच पाणी गेलेले असते, तेव्हा जुलाब झाले की लहान मूल काही तासांत गळून जाते. ग्लुकोज आणि सोडियम अस्तरातून जोडीने आत जातात व पाणी त्यांच्यामागे ओढले जाते. ही वाट जुलाबातही बहुधा चालू राहते, म्हणूनच ओआरएस, म्हणजे साखर-मिठाची जलसंजीवनी, लागू पडते. १९७१ मध्ये डॉ. दिलीप महालनबीस यांनी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या रुग्णांवर त्याचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि तोच अर्धा सपाट चमचा मीठ चालते. मीठ मात्र अंदाजाने टाकू नये.

रोगामुळे लहान आतडे कापावे लागल्यास २ मीटरपेक्षा कमी उरलेल्या रुग्णाचे पोषण अवघड होते. शेषांत्राचे टोक गेले असेल, तर ब-१२चे इंजेक्शन बहुधा कायमचे घ्यावे लागते.