भर समुद्रात पवनचक्की उभी करताना

१०० मीटरहून लांब पातं १५० मीटर उंचीवर न्यायचं आणि त्याच्या बुडाशी गोलाकार लावलेले सगळे बोल्ट हबच्या, म्हणजे पाती जिथे जोडली जातात त्या मधल्या तुंब्याच्या, छिद्रांत एकदम शिरवायचे. काही मिलिमीटर चुकले तरी ते अडतात. हे तरंगत्या जहाजावरून करायचं म्हटलं, तर जहाज अर्धा अंश कललं तरी तेवढ्या उंचीवर क्रेनचं टोक सव्वा मीटर सरकतं. म्हणून उभारणीतला खरा प्रश्न असतो तो क्रेनखालचं हलणं थांबवण्याचा.

त्यासाठी जॅक-अप जहाज वापरतात. ते आपले चार किंवा सहा पाय समुद्रतळावर टेकवतं आणि स्वतःला लाटांच्या वर उचलून घेतं. पण लगेच उंच चढत नाही. आधी पायांची परीक्षा होते. चार पायांचं जहाज असेल तर कर्णावरच्या दोन पायांवर जास्तीत जास्त भार टाकतात, मग उरलेल्या दोघांवर. तळाशी वरचा थर घट्ट वाळूचा आणि खाली मऊ चिखल असेल, तर पाय वाळू फोडून एकदम खाली घुसू शकतो. तो घुसायचाच असेल तर आत्ता, जहाज पाण्यालगत असतानाच घुसू दे. पाणी त्याला सावरून धरतं.

पाया बहुतेक वेळा मोनोपाइलचा, म्हणजे एकच अजस्र पोलादी नळी: आठ-दहा मीटर व्यास, हजार-दोन हजार टन वजन. हायड्रॉलिक हातोड्याने ती तळात ठोकतात. माती फारच मऊ निघाली तर हातोडा चालण्याआधीच नळी स्वतःच्या वजनाने सरसर खाली जाते. ठोकण्याचा आवाज पॉरपॉइजसारख्या (डॉल्फिनच्या जातकुळीतल्या) सस्तन प्राण्यांचे कान निकामी करू शकतो. म्हणून तळावर छिद्रांचा पाइप गोल अंथरून हवेच्या बुडबुड्यांचा पडदा उभा करतात. प्रवाह नळीच्या बुडाची वाळू उकरून नेतो. त्यावर उपाय म्हणजे भोवती दगडांचा थर.

सर्वांत मोठा धडा मात्र जोडाने शिकवला. नळी आणि तिच्यावरचा जोडभाग यांच्यामध्ये ग्राउट, म्हणजे सिमेंटचं घट्ट होणारं मिश्रण, भरलेलं असे. २०१० च्या सुमारास उत्तर समुद्रातल्या अनेक पवनचक्क्यांचे जोडभाग हळूहळू खाली घसरलेले आढळले. वारा-लाटांच्या सततच्या झुकवण्यामुळे सरळ नळ्यांमधली ग्राउटची पकड सुटली होती. त्यानंतर जोड निमुळते झाले किंवा फ्लँज (कडेच्या रुंद चकत्या) जोडून बोल्टने आवळले जाऊ लागले.

पाती बसवताना मालक फक्त वारा. सेकंदाला १०-१२ मीटरच्या पुढे गेला की उचल थांबते, आणि जागा तर वाऱ्यासाठीच निवडलेली! डेन्मार्कच्या विंडेबीत १९९१ साली ४५० किलोवॉटच्या ११ चक्क्या लागल्या. त्या सगळ्या मिळून पाच मेगावॉटही भरत नव्हत्या. आज एकटी चक्की १४ मेगावॉटची असते, म्हणून क्रेनही तेवढीच अवाढव्य लागते.

शंभर मीटर खोलीवर मात्र जॅक-अपचे पाय टेकत नाहीत. २०१७ च्या हायविंड स्कॉटलंड प्रकल्पाच्या पाच तरंगत्या चक्क्या नॉर्वेच्या शांत, खोल फ्योर्डमध्ये (डोंगरांमधल्या खाडीत) जोडल्या आणि उभ्याच्या उभ्या ओढत नेल्या. २०२४ मध्ये मोठ्या दुरुस्तीची वेळ आली, तेव्हा त्या पुन्हा नॉर्वेलाच ओढून आणाव्या लागल्या.