डायनारिग: मालवाहू जहाजांसाठी आखलेली शिडं यॉटवर कशी आली

शिडाच्या जहाजावर महाग पडतात ती माणसं. वारा फुकट असतो, पण शिडं उघडायला, आवरायला आणि परबाणं (डोलकाठीवरचे शिडांचे आडवे वासे) फिरवायला हात लागतात. अमेरिकेत १९०२ साली बांधलेल्या 'थॉमस डब्ल्यू. लॉसन'वर सात डोलकाठ्या आणि २५ शिडं होती, तरी खलाशी अठराच्या आसपासच. दोर ओढायला वाफेच्या विंच होत्या. वळायला मात्र हे जहाज फार जड. १९०७ मध्ये इंग्लंडच्या सिली बेटांजवळच्या वादळात ते गेलं.

वेगळा विचार केला तो १९६०च्या दशकात जर्मन अभियंता विल्हेल्म प्र्योल्स यांनी. त्यांच्या डायनारिग या शीड-रचनेत डोलकाठीला आधाराचे ताण (तिला उभं धरणारे दोर) नाहीत. ती परबाणांसकट बुडापासून आख्खी फिरते. बाक दिलेली परबाणं तिला कायमची जोडलेली असतात. शीड काठीच्या पोटात गुंडाळून राहतं आणि परबाणांच्या खाचांतून दोन्हीकडे सरकतं. उघडल्यावर शिडांमध्ये फट उरत नाही, वर चढायला कुणी लागत नाही. अडलं ते साहित्यापाशी. ताण नसले की वाकवणारा सगळा भार काठीच्या मुळाशी येतो, आणि तो पेलणारी धातूची काठी फारच जड होते.

इटलीत फाबियो पेरिनी १९८०च्या दशकात दुसऱ्या बाजूनं आले. कागदाचे रोल करणारी यंत्रं हा त्यांचा मूळ धंदा. गुंडाळताना ताण सांभाळणं त्यांना नवं नव्हतं. त्यांच्या विंचमध्ये दोर डेकखालच्या रिळावर आपोआप गुंडाळला जातो, शेपूट धरायला माणूस नको.

या दोन वाटा २००६ साली 'माल्टीज फाल्कन'वर एकत्र आल्या. पेरिनींच्याच कंपनीची ही ८८ मीटरची यॉट, तेव्हाचे मालक टॉम पर्किन्स. कार्बन फायबरच्या तीन डोलकाठ्या आणि १५ शिडं. सगळी उघडायला सुमारे सहा मिनिटं.

काठीच्या पोटात शीड गुंडाळण्याची खोड लहान यॉटवाल्यांनाही ठाऊक आहे. बाहेरचा दोर सैल सोडून गुंडाळलं की चुण्या पडतात, गुंडाळी फुगते आणि पुढच्या वेळी खाचेतच अडकते. विंचचं बटण दाबून धरलं तर कापड फाटतं, कारण मोटरला हाताची जाण नसते. दोर थोडा ताणातच ठेवायचा.

विजेचा हिशेब वेगळाच. २,००० वॉटची विंच १२ व्होल्टवर सुमारे १६७ अँपिअर खेचते, ४८ व्होल्टवर ४२. त्याच केबलमधला उष्णतेचा अपव्यय सोळाव्या हिश्श्यावर येतो. १२ व्होल्टला केबल बारीक निवडली की भर वाऱ्यात नेमका व्होल्टेज पडतो आणि विंच अडते.

२०१८च्या १०६.७ मीटरच्या 'ब्लॅक पर्ल' या डायनारिग यॉटनं पुढचं पाऊल टाकलं: शिडांवर धावताना पाण्यानं फिरणारे पंखे वीज बनवतात. ही वीज वेगाच्या घनानं वाढते, म्हणजे ६ नॉटवर मिळेल त्याच्या आठपट १२ नॉटवर. पंख्याचा अडथळा वेग खातोच, त्यामुळे मंद वाऱ्यात हा सौदा आतबट्ट्याचा ठरतो.