पार्श्वभूमी : गुन्ह्याचे मूळ कुठे कुठे शोधले गेले

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये राहत्या घरातून ४० शिलिंग किंवा त्याहून जास्त किमतीचा ऐवज चोरला तर फाशी होती. त्या काळच्या खटल्यांच्या नोंदींत मात्र चोरीच्या मालाची किंमत पुन्हा पुन्हा ३९ शिलिंग लागलेली दिसते. ज्यूरीतल्या, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळातल्या, माणसांना मालाची खरी किंमत कळत होती. समोरच्याचा जीव वाचावा म्हणून ते शपथेवर कमी किंमत सांगत होते. एकोणिसावे शतक उजाडेपर्यंत फाशीचे गुन्हे २०० च्या वर गेले होते, तरी चोऱ्या होतच राहिल्या. कोणाला फाशी होईल आणि कोण सुटेल, याचा भरवसा मात्र कोणालाच उरला नव्हता.

मिलानच्या चेझारे बेकारिया या तरुणाने १७६४ मध्ये नेमक्या याच दुखण्यावर बोट ठेवले. छोटेसे पुस्तक, आधी निनावी छापलेले. त्याचे म्हणणे असे की शिक्षा किती क्रूर आहे याने माणूस आवरत नाही. ती नक्की होणार आणि लवकर होणार, याने आवरतो. छळ करून घेतलेला कबुलीजबाब आणि देहदंड, दोन्ही त्याला नामंजूर होते. १७८६ मध्ये इटलीतल्या टस्कनीच्या राज्यकर्त्याने देहदंड रद्द केला, त्यामागे याच विचारांचे बळ होते. शिक्षेबद्दल बेकारियाने जे लिहिले, त्यात मला आजही फारसे काही बदलावेसे वाटत नाही. पण एक प्रश्न त्याने बाजूलाच ठेवला. प्रत्येक माणूस नफातोटा तोलून वागतो असे त्याने धरले होते. मग एकाच गल्लीतला एक जण चोरी करतो आणि त्याचा शेजारी करत नाही, हे कसे?

हा प्रश्न ऐरणीवर आला तो आकड्यांमुळे. फ्रान्सने १८२७ पासून देशभरातल्या खटल्यांची वार्षिक आकडेवारी छापायला सुरुवात केली. बेल्जियमचा अडोल्फ केटले मुळात खगोलशास्त्रज्ञ. ग्रहांच्या गतीत नियम शोधण्याची सवय असलेल्या या माणसाला गुन्ह्यांच्या तक्त्यातही नियम दिसला. माणसे दर वर्षी वेगळी, गुन्ह्यांची संख्या आणि प्रकार मात्र जवळपास तेवढेच. विशीतल्या तरुणांचे प्रमाणही दर वर्षी तसेच जास्त. त्याने निष्कर्ष काढला की गुन्ह्याची तयारी समाज करतो आणि गुन्हेगार हे त्याच्या हातातले हत्यार असते. त्याच सुमारास आंद्रे-मिशेल गेरी या फ्रेंच वकिलाने जिल्हावार नकाशे काढले, तेव्हा मालमत्तेचे गुन्हे श्रीमंत भागांत जास्त आढळले. गरिबी म्हणजे चोरी, हे सरळसोट समीकरण तिथेच मोडले होते. तरी ते आजही सर्रास मांडले जाते.

समाज गुन्हे घडवतो हे मान्य करणे जड जाते, कारण मग उत्तरदायी आपणही ठरतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यातून सुटण्याची एक वाट सापडली. इटालियन डॉक्टर चेझारे लोंब्रोसो याने एका मृत गुन्हेगाराच्या कवटीच्या तळाशी एक खळगा पाहिला आणि १८७६ मध्ये जाहीर केले की काही माणसे जन्मतःच गुन्हेगार असतात, मानवाच्या आदिम अवस्थेकडे परत गेलेली. जबडा, कान, हातांची लांबी यांवरून ती ओळखता येतात. चार्ल्स गोरिंग या इंग्लिश तुरुंग-डॉक्टरने सुमारे ३,००० कैद्यांची मापे घेऊन इतरांशी ताडली आणि १९१३ मध्ये सांगितले की असा शारीरिक प्रकार अस्तित्वातच नाही. तोवर या कल्पनेने जगभर घर केले होते.

हिंदुस्थानात तर ती कायद्यात आधीच उतरली होती. लोंब्रोसोच्या पुस्तकाच्या पाच वर्षे आधी, १२ ऑक्टोबर १८७१ रोजी, ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. युक्तिवाद साधा होता: इथे सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा विणकर, तसा चोराचा मुलगा चोर होणार. कायद्याने स्थानिक सरकारला एखादी जमात ‘गुन्हेगार’ असल्याची शिफारस करण्याचा अधिकार दिला. एकदा अधिसूचना निघाली की तिला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येत नव्हते. जमातीतल्या माणसांची नावे नोंदवहीत चढायची. ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, हद्दीबाहेर जायचे तर परवाना घ्यायचा. प्रत्यक्ष चोरी केली की नाही, हा प्रश्नच उरत नव्हता. १८९७ च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतींत ठेवण्याची सोय केली आणि १९११ मध्ये कायदा सुधारून त्याची व्याप्ती देशभर नेली. तारेच्या कुंपणाआड वसाहती उभ्या राहिल्या. त्यांना सेटलमेंट म्हणत.

ही माणसे कोण होती? बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य देशभर वाहून नेत. रेल्वे आली, मिठाचा व्यापार सरकारच्या मुठीत गेला आणि तो धंदा बसला. पारध्यांची गुजराण शिकारीवर होती. १८७८ च्या वन कायद्याने जंगलावरचा हक्क गेला. एका हाताने पोटाचे साधन काढून घ्यायचे, दुसऱ्या हाताने भटकण्यालाच गुन्हा ठरवायचे आणि मग या लोकांच्या रक्तातच चोरी आहे असे शास्त्राच्या नावाने सांगायचे. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपण सहज वापरतो. इथे पिढ्यान्‌पिढ्यांच्या बाबतीत ती खरी झाली. गुन्ह्याच्या कारणाचा शोध चुकीच्या दिशेने गेला की काय होते, याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

विसाव्या शतकात पारडे पुन्हा समाजाकडे झुकले. अमेरिकेतल्या शिकागोत क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या समाजशास्त्रज्ञांनी अल्पवयीन आरोपींचे पत्ते नकाशावर मांडले. काही वस्त्यांत बालगुन्हेगारी दशकानुदशके जास्तच राहिली होती. त्या वस्त्यांतले लोक मात्र या काळात पार बदलले होते. एका देशातून आलेले स्थलांतरित सुस्थितीत जाऊन बाहेर पडले, दुसरे तिथे आले, आणि प्रमाण तसेच राहिले. दोष वंशात असता तर तो त्या लोकांबरोबर नव्या घरी गेला असता.

एडविन सदरलँड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९३९ मध्ये याच्याही पुढचा प्रश्न विचारला: आपण गुन्हेगार म्हणून पाहतो कोणाला? पोलीस आणि तुरुंगाच्या नोंदींत गरीबच भेटतात, म्हणून अभ्यासकांना गरिबीतच कारण दिसते. पांढरपेशी गुन्हेगारी, म्हणजे प्रतिष्ठित माणसांनी आपल्या व्यवसायात केलेले गुन्हे, ही कल्पना त्याची. त्याने ७० मोठ्या अमेरिकी कंपन्यांविरुद्धचे निर्णय गोळा केले, ते ९८० भरले. १९४९ मध्ये पुस्तक आले तेव्हा खटल्यांच्या भीतीने कंपन्यांची नावे गाळली गेली. पूर्ण मजकूर १९८३ मध्ये छापला गेला.

तरीही धोरण अभ्यासामागे गेले नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत कैदी सुधारत नाहीत असा समज पसरला. रॉबर्ट मार्टिन्सन या समाजशास्त्रज्ञाच्या १९७४ च्या लेखाने त्याला बळ दिले. पाच वर्षांनी त्याने स्वतःच ते मत मागे घेतले, पण तोवर वारे फिरले होते. राज्यांच्या आणि संघराज्याच्या तुरुंगांत सत्तरीच्या सुरुवातीला सुमारे २ लाख कैदी होते, २००९ पर्यंत ते १६ लाखांवर गेले. नव्वदीनंतर तिथली गुन्हेगारी घटली हे खरे, पण ती कॅनडातही घटली, आणि कॅनडाने तुरुंग असे भरले नव्हते.

त्याच कॅनडात १९७४ मध्ये ऑन्टारियोतल्या एल्मिरा गावी दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी मोडतोड केली होती. न्यायाधीशाने त्यांना नुकसान झालेल्यांच्या दारी जाऊन समोरासमोर बोलायला आणि भरपाई ठरवायला पाठवले. पुढे न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यात, माओरी समाजाच्या परंपरेतून शिकत, अल्पवयीन आरोपीचे कुटुंब आणि पीडित यांची एकत्र बैठक हाच मुख्य मार्ग केला. ज्याचे नुकसान झाले त्याला काय हवे, हे या सगळ्या इतिहासात फार उशिरा विचारले गेले.

आपल्याकडे गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. विमुक्त समाज तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. पण पाठोपाठ अनेक राज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि संशयाची सुई त्याच वस्त्यांकडे वळत राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतली जातीनुसार कामे वाटणारी कलमे घटनाबाह्य ठरवली. विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदींवरही बोट ठेवले, आणि कच्च्या व शिक्षा झालेल्या कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला.