'नको' म्हणायला किती सेकंद लागतात?

तोंडाने बोलणं न जमणाऱ्या मुलांना, पडद्यावरचा शब्द निवडला की तो मोठ्याने म्हणणारं यंत्र द्यावं का, असा विषय एका शाळेच्या पालकसभेत निघाला. "यंत्र हातात दिलंत तर ती कधी बोलायचीच नाही," एक आजोबा ठासून म्हणाले आणि चार-पाच माना डोलल्या. वेखंड उगाळून चाटवणाऱ्यांपासून इंजिनिअर बापांपर्यंत सगळ्यांकडून मी हे ऐकलंय. या प्रश्नावरच्या संशोधनाचा एक आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात भरवशाचा पुरावा असलेली २७ उदाहरणं होती. खुणा, चित्रं किंवा यंत्र मिळाल्यामुळे एकाचंही तोंडी बोलणं कमी झालं नव्हतं. ८९ टक्के मुलामाणसांचं वाढलं होतं (बेताचंच, पण वाढलं), बाकीच्यांचं होतं तसं राहिलं.

मला खरा रस आहे तो यंत्रामागच्या हिशोबात.

त्या शाळेत चौथीत सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेली एक मुलगी आहे. बोट टॅबवर नेमकं टेकत नाही, पण मान उजवीकडे हमखास वळते. म्हणून खुर्चीला कानाजवळ एक मोठं बटण लावलंय. यंत्राच्या पडद्यावर एकेका शब्दाचे ४० चौकोन आहेत, ५ ओळी, प्रत्येकीत ८. समजा, यंत्राने एकेक चौकोन दीड-दीड सेकंद उजळत नेला. हव्या शब्दापर्यंत पोचायला सरासरी २०.५ पायऱ्या, म्हणजे अर्धा मिनिट! म्हणून आधी अख्ख्या ओळी उजळतात. हवी ती ओळ आली की बटण, मग त्या ओळीतले चौकोन, पुन्हा बटण. आता सरासरी ३ अधिक ४.५, म्हणजे ७.५ पायऱ्या. सव्वाअकरा सेकंद.

गंमत पुढे आहे. ओळीचा क्रमांक अधिक ओळीतला क्रमांक, ही त्या चौकोनाची किंमत. वरचा डावा कोपरा १ + १, तीन सेकंदांत हाती. खालचा उजवा ५ + ८, साडेएकोणीस सेकंद. ४ पायऱ्यांच्या आत येणारे चौकोन फक्त ६. ही लक्ष्मी रोडवरची जागा, ती कुणाला द्यायची? मोर्सच्या तारेत इंग्रजीत सतत लागणाऱ्या 'ई'ला एक टिंब आहे आणि क्वचित येणाऱ्या 'क्यू'ला चार खुणा. आपण मात्र हौसेने तिथे हत्ती, फुगा, सफरचंद बसवतो. रोजचं बहुतेक बोलणं काहीशे शब्दांत भागतं, आणि ते 'मी, तू, दे, अजून, काय, झालं' असले असतात. अक्षरफलक वर्णमालेच्या क्रमाने लावला तर क्वचित लागणारा 'ञ' येतो सतत लागणाऱ्या 'र'च्या आधी!

एकदा लावलेली जागा हलवू नये. कुणी आपल्या स्वयंपाकघरातले डबे दर सोमवारी बदलले तर आपलं काय होईल?

आता वर्गाकडे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. ते ३ सेकंद थांबू लागले तेव्हा मुलांची उत्तरं लांबली. या मुलीला ३ सेकंदांत मिळतो एकच कोपरा. म्हणून बाई आधीच सांगून ठेवतात, "तिसरा प्रश्न तुझा हं," आणि हजेरी घेऊन परत येतात. स्वतः बोलतानाही त्या फलकावरच्या चित्रांवर बोट ठेवतात. चार्जिंग संपलं तर म्हणून त्याच फलकाची लॅमिनेट केलेली प्रत दप्तरात असते.

एका गोष्टीपासून सावध राहा. मुलाचा हात धरून टाइप करवण्याचा एक प्रकार १९९०च्या सुमारास फार गाजला. चाचणीत मुलाला एक चित्र आणि मदतनिसाला दुसरं दाखवलं, तर टाइप झालं मदतनिसाने पाहिलेलं. बटण मुलाचं स्वतःचंच हवं ते यासाठी.

आयआयटी मुंबईत 'जेलो' नावाचं मोफत ॲप तयार झालंय, तशी इतरही आहेत. या मुलीचा फलक मात्र इंग्रजीवरून घरीच उतरवलेला. पहिल्या ओळीत 'नो'चं 'नाही' झालेलं, 'नको' कुठेच नाही. 'पोळी नाही' आणि 'पोळी नको' यांत केवढा फरक! 'नाही' आता दुसऱ्या चौकोनात गेलंय, कोपऱ्यात 'नको' आहे. एवढी एक अदलाबदल मुद्दाम केली. दुसऱ्याच दिवशी डब्यातल्या दुधी भोपळ्यावर तो तीन वेळा वाजला.