काटा कोणत्या बाजूला खोटं बोलतो?

बडोद्याजवळच्या आजवा तलावाच्या रस्त्यावर काकांची गाडी गचके देत थांबली, तेव्हा पेट्रोलचा काटा पाव टाकीच्या खुणेजवळ होता. काकांनी काचेवर टिचकी मारली. काटा ढिम्म. मी मागून गाडी गदागदा हलवली, तर टाकीत पेट्रोल हिंदकळल्याचा आवाजसुद्धा आला नाही. टाकी कोरडी होती.

गाडी १९६६ ची एमजीबी, म्हणजे ब्रिटिश स्पोर्ट्स कार, उघड्या टपाची, दोघांपुरती. दांडिया बाजारातल्या वाड्याच्या दरवाजातून ती जेमतेम आत जाते. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी निकाल दिला, "साहेब, मीटरच बदलून टाकू." काका तयार झाले होते. मी मात्र एक रविवार मागून घेतला. साठ वर्षं टिकलेलं मूळ मीटर नीट न तपासता काढून टाकणं माझ्या जिवावर येतं, आणि अशा तक्रारीत दोष बहुतेक वेळा मीटरच्या बाहेरच असतो.

डॅशबोर्डवरच्या त्या काट्याला पेट्रोलचं काहीच ठाऊक नसतं. टाकीत एका दांडीच्या टोकाला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा, असतो. दांडीच्या दुसऱ्या टोकाला एक पातळ पत्ती असते आणि ती बारीक तारेच्या वेटोळ्यावरून सरकते. या सगळ्या जोडणीला सेंडर म्हणतात. फ्लोट खाली गेला की विजेला जास्त तार ओलांडावी लागते, म्हणजे रोध वाढतो. स्मिथ्स कंपनीच्या या जातीच्या मीटरसाठी टाकी रिकामी असताना हा रोध सुमारे २५० ओहम असतो आणि भरलेली असताना वीस-तीस ओहम. त्यामुळे टाकी भरलेली असेल तर मीटरमधून जास्त वीज वाहते, रिकामी असेल तर कमी.

मीटरच्या आत दोन धातूंची एकमेकींना चिकटलेली पट्टी असते आणि तिच्याभोवती तापणारी तार गुंडाळलेली असते. दोन धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून तापली की पट्टी वाकते आणि काट्याला ढकलते. इंग्लिश घड्याळजी जॉन हॅरिसन यांनी अठराव्या शतकात समुद्रावर अचूक चालणाऱ्या घड्याळासाठी हीच युक्ती वापरली होती. थोडक्यात, काकांच्या गाडीतला काटा म्हणजे एक तापमापक आहे. म्हणूनच चावी फिरवल्यावर तो सावकाश वर चढतो, आणि वळणावर पेट्रोल उसळलं तरी थरथरत नाही.

पण या व्यवस्थेला एक अडचण आहे. तारेत निर्माण होणारी उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बॅटरी एकटी असेल तेव्हा १२ व्होल्ट मिळतात, आणि इंजिन वेगात असताना डायनॅमो तेच १४ च्या आसपास नेतो. १४ भागिले १२ चा वर्ग होतो १.३६. म्हणजे पेट्रोल तेवढंच असताना नुसता ॲक्सिलरेटर दाबल्याने पट्टीला ३६ टक्के जास्त उष्णता मिळाली असती. हे टाळायला डॅशबोर्डच्या मागे काडेपेटीपेक्षाही लहान असा व्होल्टेज स्टॅबिलायझर बसवलेला असतो. त्याच्यातही तशीच तापणारी पट्टी असते. ती तापली की वाकते आणि वीज तोडते, गार झाली की पुन्हा जोडते. ही उघडझाप सतत चालू राहते आणि मीटरला सरासरी १० व्होल्ट पोचतात. सिलिकॉनचा एक कणही न वापरता केलेलं हे नियंत्रण मला अतिशय देखणं वाटतं.

आता दोष शोधू. काटा खोटं बोलतो हे कळलं, पण कोणत्या बाजूला? त्या बाजूवरूनच पुढचा रस्ता सापडतो.

टाकी आणि मीटर यांच्यामधली वायर तुटली किंवा टाकीचं अर्थिंग, म्हणजे बॉडीशी असलेली विजेची जोडणी, गंजलं, तर वाटेत रोध वाढतो आणि काटा खरं असेल त्याहून कमी दाखवतो. फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल शिरलं तरी हेच होतं. याच्या उलट, तीच वायर कुठेतरी खरचटून बॉडीला टेकली तर सेंडरचा रोध वगळला जातो आणि काटा कायम भरलेल्या खुणेवर चिकटतो. आणि स्टॅबिलायझर बिघडून सगळी वीज मीटरकडे जाऊ लागली, तर सगळंच थोडं थोडं जास्त दिसतं. काकांना मी एवढंच विचारलं, "टाकी काठोकाठ भरल्यावर काटा कुठे जातो?" ते म्हणाले, "अरे, एफच्याही पलीकडे. आणि हायवेला लागलो की आणखी वर सरकतो. मला वाटायचं, गाडीला वेग मानवतो."

हायवेला लागल्यावर वर सरकतो! माझं निम्मं काम या वाक्याने झालं. डायनॅमोच्या वेगाबरोबर काटा हलत असेल तर मधला स्टॅबिलायझर आपलं काम करत नाही.

स्टॅबिलायझरला वेगळी अर्थिंगची वायर नसते. त्याचा पत्र्याचा डबा ज्या स्क्रूने बॉडीला धरलेला असतो, तोच स्क्रू त्याचं अर्थिंग. तिथे गंज किंवा रंग आला की आतली तापणारी तार बंद पडते, पट्टी वाकत नाही आणि संपर्क कायमचा जुळलेला राहतो. मग १० ऐवजी १४ व्होल्ट. १.४ चा वर्ग १.९६, म्हणजे जवळजवळ दुप्पट उष्णता. आम्ही एक छोटा बल्ब स्टॅबिलायझरच्या 'आय' टर्मिनलला, म्हणजे जिथून वीज मीटरकडे जाते तिथे, आणि बॉडीला जोडला. स्टॅबिलायझर निरोगी असता तर बल्ब लुकलुकला असता, पण हा एकसारखा पेटून राहिला. डिजिटल मल्टिमीटर इथे फसवतो, कारण उघडझापीमुळे त्याचे आकडे नुसते नाचतात. बल्ब किंवा जुना काट्याचा मीटर बरा.

स्क्रू काढला. खाली तांबूस भुकटी होती. पॉलिश पेपरने जागा घासून पत्रा उघडा केला, नवा स्क्रू दातेरी वॉशर घालून आवळला. बल्ब लुकलुकू लागला. खर्च शून्याच्या जवळ.

हल्ली बरेच जण या डब्याऐवजी ७८१० हा इलेक्ट्रॉनिक चिप बसवतात. तो उत्तम चालतो, पण १९६७ पर्यंतच्या एमजीबीमध्ये बॅटरीची प्लस बाजू बॉडीला जोडलेली असते. उष्णतेला वीज कुठल्या दिशेने वाहते याच्याशी देणंघेणं नसतं, म्हणून जुनं मीटर आणि जुना स्टॅबिलायझर दोन्हीकडे चालतात. चिपचं तसं नाही. ७८१० मायनस बाजू बॉडीला जोडलेल्या गाडीसाठी असतो. या गाडीला ७९१० लागतो.

दुसरा धोका टाकीतल्या सेंडरचा. 'कुठल्याही गाडीला चालतो' म्हणून विकला जाणारा सेंडर पुष्कळदा १० ते १८० ओहमचा असतो आणि त्यात रिकाम्या टाकीला १० ओहम येतात, म्हणजे बरोबर उलटं. एका परिचितांच्या गाडीत तो बसवला गेला आणि पेट्रोल संपत गेलं तसा काटा वर चढत गेला. नवा सेंडर घेताना मल्टिमीटर सोबत न्या, दांडी खालीवर करून ओहम मोजा आणि मगच पैसे द्या.

सेंडर काढायचा असेल तर आधी बॅटरी सोडवा. काम उघड्यावर करा, टाकी शक्य तितकी रिकामी ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते आणि लांबच्या ठिणगीलाही पुरते. याबाबतीत घाई करणाऱ्या माणसाला मी गाडीजवळ उभं राहू देत नाही.

एवढं करूनही काटा लिटर दाखवत नाही, तो पेट्रोलची उंची दाखवतो. बडोदेकरांना हे सांगायला नको. पावसाळ्यात आपण रोज विचारतो, आजवा किती फूट, विश्वामित्री नदी किती? पण आजव्याच्या तळाशी वाढलेला एक फूट आणि काठाशी वाढलेला एक फूट यांत पाणी सारखं नसतं, कारण वर तलाव पसरट होतो. टाकीचे कोपरे गोल, तळ असमान, आणि फ्लोट अगदी तळापर्यंत पोचतही नाही.

म्हणून शेवटी आम्ही टाकी रिकामी केली आणि सपाट जागेवर गाडी उभी करून पाच-पाच लिटर ओतत गेलो. प्रत्येक वेळी काटा स्थिर होईपर्यंत पूर्ण मिनिटभर थांबलो आणि त्याची जागा कागदावर काढली. तो कागद काकांनी सनव्हायझरच्या मागे चिकटवला आहे. पहिले पाच लिटर ओतूनही काटा 'ई'वरच होता. त्या खुणेपुढे काकांनी लाल पेन्सिलीने लिहिलं आहे, "येथून घरी."