चिमूटभर मीठ आणि साबणाची तार

घरी किंवा बचत गटात भांड्यांचं लिक्विड बनवणाऱ्यांना हा अनुभव नेहमीचा आहे. एसएलईएस या फेस करणाऱ्या, साबणासारख्या रसायनाची पेस्ट भरपूर पाण्यात विरघळवली की हाती येतं ते पाण्यासारखंच पातळ. मग मिठाचं पाणी थोडं थोडं सोडत ढवळायचं. आधी फारसं काही होत नाही. आणि मग बघता बघता काठी जड जाते, वर उचलली की मधासारखी तार सुटते. नुसत्या पाण्यात एवढंच मीठ घातलं तर ते असं दाटत नाही. मग इथेच काय होतं?

एसएलईएसच्या रेणूला पाण्यात रमणारं ऋणभारित डोकं असतं आणि पाण्यापासून पळणारी तेलकट शेपटी. पाण्यात हे रेणू शेपट्या आत, डोकी बाहेर ठेवून गोळा होतात. या इवल्याशा चेंडूला मायसेल म्हणतात. त्याची रुंदी जेमतेम ४-५ नॅनोमीटर. ऋणभारित डोकी एकमेकांना ढकलतात, त्यांना ऐसपैस जागा लागते, म्हणून आकार गोल. असे गोळे एकमेकांना न अडवता वाहतात.

मिठातले धनभारित सोडियम आयन (विद्युतभार असलेले कण) डोक्यांभोवती जमले की ही ढकलाढकल मंदावते. डोकी जवळ सरकतात आणि गोळ्याऐवजी लांबच लांब अळीसारखे मायसेल तयार होतात. शिजलेल्या शेवयांसारखे ते एकमेकांत गुंततात आणि द्रावण दाटतं. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की या शेवया सतत तुटतात आणि पुन्हा जुळतात. म्हणूनच त्यांना ‘जिवंत पॉलिमर’, म्हणजे लांब साखळीसारखे जिवंत रेणू म्हणतात. त्यांच्या वाहण्याचा सिद्धांत ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मायकेल केट्स यांनी १९८७ मध्ये मांडला.

मीठ वाढवतच नेलं तर मात्र दाटपणा शिखर गाठून उतरू लागतो. शेवयांना फाटे फुटतात, ते फाटे शेवयांच्या अंगावरून सरकू शकतात, आणि गुंता सैल पडतो. अशा वेळी आणखी मीठ घालणं म्हणजे बिघाड वाढवणंच. द्रावण गरम असतानाही पातळच दिसतं, तेव्हा निवू देऊन मगच मिठाचा अंदाज घ्यावा. आणि दाट लिक्विड म्हणजे जास्त साबण, हा समज तर सोडूनच द्यावा.

कोणतं मीठ, यानेही फरक पडतो. सीटॅब या धनभारित डोक्याच्या सरफॅक्टंटला (एसएलईएससारख्या डोकं-शेपटीच्या रसायनाला) सोडियम सॅलिसिलेट हे मीठ फार थोडं पुरतं, कारण सॅलिसिलेट आयन नुसता भोवती न थांबता मायसेलच्या पृष्ठभागात शिरून बसतो. हे द्रावण बाटलीत गरकन फिरवून थांबवलं, की आतले बुडबुडे क्षणभर थबकतात आणि ताणलेलं रबर सुटावं तसे उलटे फिरतात.