विमानात इंधन भरून घेण्याआधी

आमच्या बाउझरवरून (इंधनाच्या टँकरवरून) लहान विमानांत इंधन भरून घेणारे मालक, वैमानिक आणि प्रशिक्षणसंस्था यांच्यासाठी हे पत्रक.

पेट्रोलवर चालणाऱ्या पिस्टन इंजिनाला एव्हगॅस (विमानाचे पेट्रोल), टर्बाइनला एटीएफ (रॉकेलच्या जातीचे जेट इंधन). हे सर्वांना ठाऊक असूनही अशा पिस्टन विमानात एटीएफ जाते. कित्येकदा घोटाळा होतो तो विमानावर लिहिलेल्या ‘टर्बो’मुळे; टर्बोचार्जर असलेले पिस्टन इंजिन टर्बाइन समजले जाते.

एटीएफ गेलेल्या विमानाचे इंजिन लगेच बंद पडत नाही, धोका इथेच आहे. नळ्यांत उरलेल्या एव्हगॅसवर ते सुरू होते, टॅक्सीही होते. टेकऑफला पूर्ण ताकद लावली की सिलिंडरमध्ये डेटोनेशन (इंधनाचा अनियंत्रित स्फोट) होते आणि जेमतेम उंची गाठलेली असताना इंजिन जाते. अमेरिकेचे नामवंत वैमानिक बॉब हूवर यांच्या श्राइक कमांडरची दोन्ही इंजिने अशीच गेली. सगळे वाचले. इंधन भरणाऱ्या मुलावर हूवर संतापले नाहीत. पुढचे इंधनही त्यालाच भरायला सांगितले. पुढे एटीएफच्या नोझलला रुंद, चपटे तोंड आले. ते एव्हगॅसच्या अरुंद भोकात शिरत नाही. मात्र काही हेलिकॉप्टरांच्या टाकीचे तोंडच लहान असते, तिथे गोल नोझल लावावे लागते आणि हा अडसर उरत नाही. म्हणून भरताना तुमचा माणूस विमानाजवळ हवाच. त्याने इंधनाचे नाव मोठ्याने सांगावे, आमचा माणूस ते परत म्हणेल.

रंगावर विसंबू नका. १०० एलएल हे एव्हगॅस निळे असते, पण त्यात एटीएफ मिसळले तरी निळसर झाक राहू शकते. टाकीच्या तळाच्या ड्रेनमधून काढलेले दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाका. एव्हगॅस उडून जाते, एटीएफ तेलकट डाग ठेवते, रॉकेलसारखा वासही येतो.

आता मापाविषयी. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ ला २२,३०० किलो इंधन हवे होते. इंधनाचे काटे बंद होते, म्हणून हिशेब हाताने झाला आणि लिटरचे किलो करताना ०.८ ऐवजी पौंडांचा १.७७ हा आकडा वापरला गेला. निम्म्याहून कमी इंधनावर विमान उडाले. वाटेत दोन्ही इंजिने थांबली. वैमानिकांनी ते तरंगत नेऊन गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरवले. ६९ जण बचावले.

आमची पावती लिटरमध्ये असते. ऑर्डर देताना आकड्यासोबत माप सांगा: लिटर, किलो, पौंड की गॅलन.

चुकीचे इंधन गेल्याची नुसती शंका आली तरी इंजिन सुरू करू नका, आम्हाला तिथेच थांबवा. टाक्या आणि नळ्या पूर्ण रिकाम्या करून तपासाव्या लागतील. तुमच्या मेंटेनन्स इंजिनिअरने मोकळीक दिल्याशिवाय विमान हलवू नका.